विसरू नको म्हणणारे फूल

भाद्रपद संपत आला असताना शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही मेढ्याला गेलो होतो. जावळी तालुक्याचे हे मुख्य गाव वेण्णा नदीच्या खोऱ्यात आहे. केळघरचा घाट चढले की महाबळेश्वर, नदीच्या कडेने खाली उतरत गेले की सातारा, आणि दक्षिणेचा डोंगर चढून वर गेले की कासचे पठार. शिबिराचा विषय होता परिसरातील वनस्पती आणि त्यांचा शाळेत करता येण्याजोगा अभ्यास. पहिल्याच सत्रात इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी उभे राहिले.

"माझा प्रश्न विज्ञानाचा आहे की नाही ते ठाऊक नाही. कवितेत फर्गेट-मी-नॉट हे फूल आले. मुलांनी विचारले, सर, हे फूल कसे असते आणि त्याचा अर्थ काय? मी म्हणालो, विलायतेतले एक निळे फूल आहे, ते आठवणीचे प्रतीक आहे. एका मुलीने पुन्हा विचारले, पण ते फूल आठवणीचे प्रतीक का? जास्वंद का नाही? तिथे मात्र मी गप्प झालो. आपल्याकडे ते फूल नाही, तेव्हा दाखवणार तरी काय?"

प्रश्न चांगलाच होता. गुरुजींचे उत्तर अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे शोधण्यात आमचे दोन दिवस गेले, आणि त्यातले पाऊण उत्तर मेढ्याच्या डोक्यावरच उगवलेले निघाले.

नाव आधी, अर्थ मागून

आमच्या शाळकरी दिवसांत, म्हणजे १९९०च्या दशकात, दहावीच्या निरोप समारंभाला स्वाक्षऱ्यांच्या वह्या फिरत असत. त्यांत हमखास एका पानावर पाच पाकळ्यांचे निळे फूल काढलेले असे आणि खाली इंग्रजीत ‘फर्गेट मी नॉट’. फूल काढणाऱ्याने ते कधी पाहिलेले नसे, वही ज्याची त्यानेही नाही. तरीही निरोप नेमका पोचत असे. कारण उघड आहे: निरोप फुलात नव्हताच, तो नावात होता. फर्गेट-मी-नॉट म्हणजे ‘मला विसरू नको’.

हे नाव इंग्रजीत जर्मन आणि जुन्या फ्रेंच भाषेकडून आले. जर्मन नावाचाही अर्थ तोच. पुढे रशियन, स्वीडिश, चिनी, जपानी अशा एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या भाषांनीही या फुलाला याच अर्थाची नावे दिली. एका नावाचे इतक्या भाषांत अर्थासकट भाषांतर व्हावे असा मान फार थोड्या वनस्पतींना मिळाला आहे.

नावामागे अर्थातच एक गोष्ट सांगतात. डॅन्यूब नदीच्या काठाने एक सरदार आपल्या वाग्दत्त वधूबरोबर चालला होता. पाण्याच्या कडेला निळी फुले दिसली. तिच्यासाठी ती तोडायला तो उतरला, पाय घसरला, अंगावरच्या चिलखताच्या वजनाने तो बुडू लागला. बुडता बुडता त्याने फुलांचा तुरा काठावर फेकला आणि ओरडला, ‘मला विसरू नको!’ गोष्ट करुण आहे, आणि तिच्यात वनस्पतिशास्त्राचा एक कणही आहे: या फुलाची एक जाती खरोखरच ओढ्यानाल्यांच्या ओल्या काठांवर वाढते. पण नाव आधी आणि त्याला साजेशी गोष्ट मागून, असाच क्रम बहुधा असतो. आपल्याकडच्या कितीतरी गावांच्या नावांच्या कथाही याच वाटेने तयार झाल्या आहेत.

या फुलाचे शास्त्रीय नाव मायोसोटिस. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘उंदराचा कान’. पाने लहान, मऊ आणि लवदार असतात म्हणून. इंग्लंडातले जुने लोक त्याला ‘विंचू गवत’ म्हणत. म्हणजे एकेकाळी तिथे या झाडाचा आठवणीशी काही संबंधच नव्हता. त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. त्या काळी इंग्रजीत ‘फर्गेट-मी-नॉट’ हे नाव भलत्याच एका वनस्पतीला, तुळशीच्या कुळातल्या एका बुटक्या पिवळ्या फुलांच्या झुडपाला, लावत असत. का? तर ते चघळले की तोंडात एक किळसवाणी चव दीर्घकाळ रेंगाळते. विसरू म्हटले तरी विसरता येत नाही! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलरिज या कवीने हे नाव निळ्या फुलासाठी वापरले आणि ते तिथे कायमचे स्थिरावले. १८२२ साली लंडनमध्ये याच नावाचे एक वार्षिक निघाले. भेट म्हणून द्यायच्या देखण्या वार्षिकांची इंग्रजीतली सुरुवात त्यानेच केली.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: जास्वंदीचे नाव ‘विसरू नको’ असते तर जास्वंद आठवणीचे प्रतीक झाली असती.

एकदा नाव चिकटले की मात्र प्रतीकाला बळ येते. अलास्काने १९१७ साली, तो प्रदेश अजून अमेरिकेचे राज्यही नव्हता तेव्हा, हे फूल आपले मानले. १९५९ साली राज्य झाल्यावरही तेच कायम राहिले. पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ रोजी न्यूफाउंडलंड या बेटाची पलटण फ्रान्समध्ये एका सकाळीच जवळजवळ नष्ट झाली. तिथले लोक त्या तारखेला छातीवर हे फूल लावत आले आहेत. आर्मेनियन लोकांच्या संहाराला २०१५ साली शंभर वर्षे झाली, तेव्हा स्मरणचिन्ह म्हणून जांभळे फर्गेट-मी-नॉट निवडले गेले. आणि ब्रिटन, कॅनडा येथील अल्झायमर रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी स्मृतिभ्रंशाचे चिन्ह म्हणून हेच फूल घेतले आहे.

या शेवटच्या वापरापाशी आम्ही थोडे थांबलो. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. १९९४ पासून तो पाळला जातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. शिबिरातल्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाई नातवाला ओळखत नाहीत. सकाळी काय जेवल्या ते दुपारी आठवत नाही. पण अंगणातले झाड दाखवले की नाव बरोबर सांगतात." हे आजाराच्या स्वभावाला धरूनच आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला सुरुवातीलाच इजा होते. नव्या आठवणी साठवण्याचे काम या भागाकडे असल्यामुळे कालची गोष्ट आधी जाते. लहानपणी शिकलेले, हजार वेळा उच्चारलेले शब्द बरेच दिवस टिकतात. ‘मला विसरू नको’ हे वाक्य अशा घरात कोणी कोणाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र त्या सरदाराच्या गोष्टीपेक्षा पुष्कळ अवघड आहे. विसरणाऱ्याचा त्यात दोष नसतो, हे मुलांना सांगण्यासाठी तरी हे निळे फूल वर्गात न्यावे असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे आठवणीची वनस्पती नाही असेही नाही. आम्ही मेढ्यात होतो ते दिवस पितृपक्षाचे होते आणि बाजारात माक्याच्या जुड्या दिसत होत्या. श्राद्धाला माका लागतो. गेलेल्या माणसांच्या स्मरणाशी हे ओलसर जागी उगवणारे, पांढऱ्या चिमुकल्या फुलांचे तण आपण जोडले आहे. उलट टोकाला तेरडा आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणताना आपण त्याला विसराळूपणाचे, चंचलपणाचेच प्रतीक केले आहे. आणि त्याच भाद्रपदात तेरड्याची गौर म्हणून तो घरात पुजलाही जातो. कासच्या पठारावर जांभळ्या-निळ्या इवल्या फुलांचे ताटवे असतात, त्यांना ‘सीतेची आसवे’ म्हणतात. वनवासाची सारी आठवण त्या दोन शब्दांत आहे. ही आसवे गाळणारी वनस्पती मांसाहारी आहे, पाण्यातले सूक्ष्म जीव ती बारीक पिशव्यांत ओढून पचवते, हे सांगितल्यावर एका गुरुजींचा चेहरा जरा उतरला. पण झाडाने आपल्या कथेला बांधील का असावे?

एका शाळामास्तरांचा शोध

इथे प्रश्न उलटा विचारून पाहण्यासारखा आहे. माणसाने फुलाला दिलेला अर्थ बाजूला ठेवला, तर फुलाचा स्वतःचा काही अर्थ आहे का? ते कोणाला काही सांगत असते का? हा प्रश्न विज्ञानात ज्या फुलाकडे पाहून नीट विचारला गेला, ते फूल योगायोगाने हेच, फर्गेट-मी-नॉट. आणि विचारणारा होता एक शाळामास्तर.

क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल (१७५०-१८१६) हे बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावी शाळेचे मुख्याध्यापक होते. १७८७ साली एका रानफुलाच्या पाकळ्यांच्या तळाशी त्यांना बारीक केस दिसले. निसर्गाने एक केससुद्धा विनाकारण निर्माण केला नसणार अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी विचार केला आणि ताडले की आतला मधुरस पावसाच्या पाण्याने पातळ होऊ नये म्हणून ते केस आहेत. म्हणजे तो रस कोणा कीटकासाठी राखलेला आहे.

दोन वर्षांनी, १७८९च्या उन्हाळ्यात, ते फर्गेट-मी-नॉट तपासत होते. फूल जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचे. आकाशी पाकळ्यांच्या मधोमध फुलाच्या नळीचे तोंड, आणि त्या तोंडाभोवती लखलखीत पिवळे कडे. हे कडे पाच छोट्या खवल्यांचे बनलेले असते. खवल्यांमुळे तोंड इतके अरुंद होते की पावसाचा थेंब आत शिरत नाही, कीटकाची बारीक सोंड मात्र शिरते. पण कडे पिवळे कशासाठी? निळ्यावर पिवळा, सहज नजरेत भरणारा, आणि नेमका दाराभोवती. श्प्रेंगेलना वाटले, ही कीटकांसाठी केलेली खूण तर नव्हे? मध इथे आहे, असे सांगणारी? आणि जर छोटे कडे जवळ आलेल्या कीटकाला वाट दाखवत असेल, तर पाकळ्यांचा सगळा रंग दुरून जाणाऱ्या कीटकाला बोलावण्यासाठी असला पाहिजे.

आज हे चौथीच्या पुस्तकात असते, म्हणून त्यातले धाडस लक्षात येत नाही. फुलांचे रंग माणसाच्या डोळ्यांच्या सुखासाठी आहेत अशी त्या काळी सार्वत्रिक समजूत होती. श्प्रेंगेल सांगत होते की हे पत्र आपल्या नावाचे नाहीच. त्यांनी चारशेहून अधिक जातींची फुले स्वतः रानात बसून तपासली आणि १७९३ साली आपले निष्कर्ष २५ चित्रपटांसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. स्वागत थंड झाले. गटेसारख्या थोर पुरुषालाही ही कल्पना पटली नाही. पुढच्याच वर्षी श्प्रेंगेल शाळेतून निवृत्त केले गेले. शाळेपेक्षा फुलांकडे त्यांचे लक्ष जास्त, असा आक्षेप होता. बर्लिनमध्ये शिकवण्या करत, रविवारी हौशी लोकांना रानात फिरवून फुले दाखवत त्यांनी उरलेले आयुष्य काढले. ग्रंथाचा दुसरा भाग निघालाच नाही.

पुढे १८४१ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने चार्ल्स डार्विनला तो ग्रंथ वाचायला सुचवला. डार्विन भारावून गेला आणि फुले व कीटक यांच्या संबंधांवर त्याने नंतर जे काम केले, त्यात श्प्रेंगेलचा वारंवार गौरव केला. ज्याने फर्गेट-मी-नॉटचे खरे पत्र वाचले, त्यालाच जग जवळजवळ पन्नास वर्षे विसरले होते.

वाचून झालेले पत्र

या पत्रात आणखी एक ओळ आहे. मायोसोटिसच्या कळ्या गुलाबी असतात आणि उमलताना निळ्या होतात. त्यानंतर मधले पिवळे कडे फिकट होत होत पांढरे पडते. जुने फूल लगेच गळत नाही, पण त्याच्या दाराशी आता पिवळी खूण नसते.

गुलाबीचे निळे होण्यामागे अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये आहेत. पेशीतला रस अधिक आम्लधर्मी असला की ती तांबूस दिसतात, आम्लता कमी झाली की निळसर. हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो. गोकर्णाची निळी फुले कोमट पाण्यात चुरगळा. निळे पाणी तीन पेल्यांत घ्या. एकात लिंबाचे चार थेंब टाका: रंग जांभळा, मग गुलाबीकडे झुकतो. दुसऱ्यात विड्याच्या चुन्याची निवळी टाका: हिरवट होतो. तिसरा पेला तुलनेसाठी तसाच ठेवा. शिबिरात हा प्रयोग केला तेव्हा शिक्षकांनीच पेल्यांभोवती मुलांसारखी गर्दी केली.

कडे पांढरे का पडते, हे कळायला आपल्या कुंपणावरची टणटणी किंवा घाणेरी पुरे. फ्रिट्झ म्युलर हे जर्मन निसर्ग अभ्यासक ब्राझीलमध्ये राहत. तिथल्या घाणेरीबद्दल त्यांनी लिहिलेले टिपण १८७७ साली ‘नेचर’मध्ये आले. फूल तीन दिवस टिकते. पहिल्या दिवशी पिवळे, दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी जांभळट. बहुतेक फुलपाखरे पिवळ्या फुलांवर येतात, काही नारिंगीवर, जांभळ्यावर मात्र कोणी येत नाही. तीन दिवसांचा रंग तेरड्याच्याच वाट्याला आलेला नाही तर!

मग जुनी फुले झाड ठेवते कशाला? दुरून पाहणाऱ्याला गुच्छ मोठा दिसतो म्हणून. जवळ आल्यावर मात्र कोणत्या दारात मध आहे आणि कोणते दार बंद झाले आहे हे रंगावरून कळते. कीटकाची खेप वाया जात नाही आणि झाडाचे पराग भलत्या, निकामी फुलावर सांडत नाहीत. मार्था वाइस यांनी १९९१ साली दाखवून दिले की अशी रंग बदलणारी फुले सत्तरहून अधिक कुळांत आढळतात आणि कीटक हा संकेत अनुभवाने शिकतात. शिकतात म्हणजे लक्षात ठेवतात. ‘मला विसरू नको’ हा निरोप फूल खरोखरच देत असेल, तर तो मधमाशीला.

शाळेच्या कुंपणाला घाणेरी असेल तर तिच्या वीस फुलांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधून तीन दिवसांची नोंद मुले सहज करू शकतील. फळे मात्र तोंडात घालू देऊ नयेत. कच्ची फळे विषारी असतात.

विंचवाचे शेपूट की हत्तीची सोंड?

इंग्लंडातले लोक या झाडाला विंचू गवत का म्हणत, हे वर सांगायचे राहिले. त्याचा फुलोरा टोकाला विंचवाच्या नांगीसारखा गुंडाळलेला असतो. फुले दांड्याच्या एकाच बाजूला, ओळीने येतात. खालचे फूल आधी उमलते, आणि जसजशी वरची फुले उमलतात तसतशी गुंडाळी उलगडत जाते. त्यामुळे एकाच दांड्यावर खाली फळे, मध्ये फुले आणि टोकाला मिटलेल्या कळ्या असे तिन्ही काळ एकदम दिसतात. लिनियसने १७५३ साली या जातीला नाव देताना तोच विंचू कायम ठेवला.

झाडाचा आकार ज्या अवयवासारखा किंवा प्राण्यासारखा, त्यावरचे ते औषध, अशी युरोपात जुनी समजूत होती. तेव्हा विंचवासारखा फुलोरा विंचूदंशावर उपाय ठरला. आपल्याकडेही अशा समजुतींची उणीव नाही. विंचवावर खरा उपाय पुढे सापडला तो सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, महाडला. तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा वापर सुरू केला आणि लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. तेही निरीक्षणच होते, पण झाडाच्या आकाराचे नव्हे, रुग्णाच्या हृदयाचे.

असाच गुंडाळलेला फुलोरा आपल्या ओसाड जागी, तळ्याच्या कोरड्या पडलेल्या कडेला उगवणाऱ्या भुरुंडीला असतो. तिचे संस्कृत नाव हस्तिशुंडी. तिकडच्यांना जिथे विंचवाची नांगी दिसली, तिथे आपल्या पूर्वजांना हत्तीची सोंड दिसली! वाक तोच. भुरुंडी ही फर्गेट-मी-नॉटच्याच कुळातली, बोरॅजिनेसी कुळातली. मसाल्याच्या तेलाला लाल रंग आणणारी रतनजोत याच कुळातली. आणि जिचे लोणचे मेढ्याच्या शिबिरात दोन्ही वेळा ताटात होते, ती भोकर जुन्या वर्गीकरणाप्रमाणे याच घरची. अलीकडे काही तज्ज्ञ तिला शेजारच्या कुळात ठेवतात. "म्हणजे विलायती फुलाचे नातेवाईक आमच्या बरणीत आहेत," असे ते इंग्रजीचे गुरुजी म्हणाले. नातेवाईक सगळेच खाण्याजोगे नाहीत, हेही सांगणे भाग आहे. भुरुंडीत यकृताला घातक अशी अल्कलॉइडे असतात, त्यामुळे तिचा पाला पोटात घेऊ नये. काही फुलपाखरांचे नर मात्र तिच्या वाळक्या फांद्यांवर मुद्दाम जमून ती रसायने गोळा करतात आणि माद्यांना आकर्षित करणारा गंध त्यांपासून बनवतात.

पठारावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळ्याचे तीन-चार महिने जगणाऱ्या वनस्पती. सपुष्प वनस्पतींच्या ८५०हून अधिक जाती इथून नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांत इथे माणसांचाही बहर असतो. फोटो काढणारे पुष्कळ भेटतात. फुलाचे नाव विचारणारे कमी, आणि नाव सांगू शकणारे त्याहून कमी.

आम्हाला हवी होती ती वनस्पती उघड्या कातळावर मिळाली नाही. कडेच्या उतारावर, गवत आणि झुडपांच्या आसऱ्याला मिळाली. कंबरेइतकी उंच. बुडाशी लांब देठांची, हृदयाच्या आकाराची मोठी, खरबरीत पाने. वर फांद्या फुटलेला फुलोरा, टोके आत वळलेली. फूल एखाद्या सेंटिमीटरचे, मध्ये निळे, कडेला पांढरे होत गेलेले. पाकळ्या पाच. नळीच्या तोंडाशी खवले पाच. गुरुजींनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "हे तर वहीत काढायचो तेच."

ही निसुर्डी. जुन्या पुस्तकांत तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅडेलोकॅरियम सेलेस्टिनम असे मिळेल. आता ती पॅराकॅरिऑप्सिस या प्रजातीत आहे. सेलेस्टिनम म्हणजे आकाशाची. खरे फर्गेट-मी-नॉट हिमालयात आढळते, सह्याद्रीत आपोआप उगवत नाही. पण निसुर्डी ही त्याचीच सह्याद्रीतली बहीण, आणि ती पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच रानात मिळत नाही. विलायती फूल इंग्लंडात पाहता येते, रशियात पाहता येते, अलास्कातही. ही मात्र इथून गेली तर दाखवायला दुसरी जागा नाही.

जवळच एक आजी म्हशी राखत उभ्या होत्या. आम्ही विचारले, "आजी, ह्या झाडाला काय म्हणता?"

"निसुर्डी की," त्या म्हणाल्या. "लुगड्याला धरती. सोडत न्हाई. घरापातुर येती."

"तुमच्या नातवंडांना ठाऊक आहे का हे नाव?"

"त्यांना कुठलं? ती पुण्याला असत्यात."

आजींनी जे सांगितले ते शब्दशः खरे आहे. निसुर्डीचे फळ पिकले की त्याचे चार टणक भाग सुटे होतात. तुळशीच्या मंजिरीतही एका फुलापासून असेच चार दाणे निघतात, मुलांना शेजारी ठेवून दाखवावेत. फरक असा की निसुर्डीच्या दाण्यावर काटे असतात आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला नांगराच्या फाळाप्रमाणे उलटे वळलेले सूक्ष्म आकडे. म्हशीचे केस, शेळीची लोकर, माणसाचे लुगडे, जे घासून जाईल त्याला ते धरतात. झाडाला पाय नाहीत; दुसऱ्याच्या पायांनी प्रवास करण्याची ही युक्ती आहे. असल्याच आकड्यांचे दुसऱ्या एका झाडाचे फळ १९४१ साली जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याच्या कुत्र्याला चिकटले आणि त्यातून पुढे वेल्क्रोची पट्टी आली, जी आज मुलांच्या बुटांवर असते.

आठवण धरून ठेवणारे असे या झाडात जर काही असेल तर ते हे फळ आहे, फूल नव्हे. गुरांची ये-जा ज्या वाटांवर असते त्या वाटांच्या दोन्ही बाजूंना आणि गुरे न जाणाऱ्या जागी निसुर्डीची रोपे मोजून तुलना करावी, असे एक काम आम्ही जावळीतल्या शाळांना सुचवले आहे. चराईचा आणि या झाडाच्या पसरण्याचा संबंध किती, हे त्यातून दिसू लागेल. दोरी, वही आणि दोन पावसाळ्यांची चिकाटी एवढेच साहित्य लागते. सोबत गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून तीस झाडांची नावे गोळा करावीत, ती ज्या उच्चारात सांगतील त्याच उच्चारात लिहावीत. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा घाईचे आहे.

परतताना गाडीत बसण्यापूर्वी सगळ्यांनी पठाराच्या कडेलाच थांबून कपडे झटकले. वरचे बी खाली मेढ्यात नेण्यात अर्थ नव्हता. इंग्रजीच्या गुरुजींच्या विजारीच्या काठाला सतरा दाणे निघाले. ते त्यांनी एकेक करून सोडवले आणि उतारावर टाकले. मेढ्यात पोचल्यावर बाहीत आणखी एक सापडला. तो कागदाच्या पुडीत ठेवून त्यांनी वर निसुर्डी असे लिहिले, खाली तारीख घातली, आणि पुडी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला दाखवायला खिशात टाकली.